मिनी कूपरचा ईटन एम४५ सुपरचार्जर मझदा एमएक्स-५ च्या १.८ इंजिनावर: आधी हवेचा हिशेब, मग ब्रॅकेट

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचकाकडे १९९५ ची मझदा एमएक्स-५ आहे. इंजिन १.८ लिटरचं, मझदाच्या बीपी मालिकेचं, कॉम्प्रेशन ९:१. जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडून त्यांनी आर५३ पिढीच्या मिनी कूपर एस मधला ईटन एम४५ सुपरचार्जर, म्हणजे बेल्टवर चालून इंजिनात जादा हवा भरणारा पंप, घेतला आहे. तो या इंजिनावर बसेल का, बूस्ट (हवेचा जादा दाब) किती मिळेल, आणि मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) व इंजेक्टरवर भागेल का?

बसतो. बूस्ट किती मिळेल ते मात्र सुपरचार्जर ठरवत नाही, पुली ठरवते. मूळ ईसीयू आणि मूळ इंजेक्टरवर भागणार नाही. ब्रॅकेटसाठी ॲल्युमिनियम कापायला घेण्याआधी वही-पेन घेऊन बसा, कारण पुलीपासून इंजेक्टरपर्यंतचे सगळे आकडे एकाच हिशेबातून निघतात.

एम४५ हा रूट्स जातीचा आहे. त्याचे दोन फिरते रोटर स्वतःच्या पोटात हवा दाबत नाहीत, एका बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. नावातला ४५ म्हणजे एका फेरीत ४५ घन इंच, म्हणजे ०.७३७ लिटर. इंजिन जेवढी हवा ओढतं त्याहून जास्त हवा तो मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात) कोंबतो आणि हे जास्तीचं माप म्हणजे बूस्ट. म्हणून मिनीच्या १.६ लिटर इंजिनावर दिसणारा आकडा तुमच्या १.८ वर त्याच पुलीला दिसणार नाही, कमीच दिसेल.

तुमचं इंजिन १८३९ घन सेंटिमीटरचं. चार-स्ट्रोक असल्याने क्रँकच्या दर फेरीला ०.९२ लिटर हवा घेतं, आणि वरच्या आरपीएमला भरण्याची क्षमता ८८ टक्के धरली तर प्रत्यक्षात ०.८१ लिटर. सुपरचार्जरची स्वतःची क्षमता ८५ टक्के धरा, कारण रोटरच्या फटींतून थोडी हवा मागे गळते. म्हणजे त्याच्या दर फेरीला ०.६३ लिटर. आता ०.४५ बार, म्हणजे साधारण साडेसहा पीएसआय बूस्ट हवा आहे आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावून मॅनिफोल्डमधली हवा ४५ ते ५० अंशांवर ठेवायची आहे असं धरलं, तर इंजिनाला दर फेरीला बाहेरच्या हवेच्या मापाने सुमारे १.०९ लिटर लागते. १.०९ भागिले ०.६३ म्हणजे साधारण १.७४. क्रँकची एक फेरी होते तेव्हा सुपरचार्जरच्या १.७४ फेऱ्या व्हायला हव्यात. क्रँकवर १३० मिलिमीटरची आणि सुपरचार्जरवर ७५ मिलिमीटरची पुली असेल तर १.७३ येतं. ७००० आरपीएमला सुपरचार्जर १२,१०० च्या आसपास फिरेल. १४,००० ही मर्यादा मी ओलांडू देत नाही, त्यामुळे इथे पुरेशी मोकळीक उरते.

मिनीमध्ये हे गुणोत्तर दोनाच्या आसपास असतं. तेच इथे ठेवलं तर ७००० ला बरोबर १४,००० होतात आणि बूस्ट ०.६५ बारच्या पुढे जातो. आकडा मोहात पाडणारा आहे, पण उष्णता पाहा. ०.४५ बारला सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा, बाहेर २५ अंश असताना, ८५ अंशांच्या घरात असते. ०.६५ ला ती ११० पर्यंत जाते. तो फिरवायला लागणारी ताकदही १२-१५ हॉर्सपॉवरवरून २० च्या वर जाते. ०.६ बारच्या पुढेच जायचं असेल तर एम४५ पिळत बसू नका, एम६२ शोधा. जुन्या मर्सिडीज एसएलके २३० कॉम्प्रेसरवर तो येतो, दर फेरीला १.०१ लिटर देतो, आणि तेच काम खूप कमी फेऱ्यांत करतो. त्याच्या पुलीत विद्युतचुंबकी क्लचही असतो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या कॉम्प्रेसर मर्सिडीजचे भाग पाहणाऱ्यांनीही खालची तपासणी जशीच्या तशी करावी.

जुना सुपरचार्जर विकत घेताना आधी पुली हाताने फिरवा. थोडा एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. अडखळणं किंवा खरखर नको. पुली पुढे-मागे झटकल्यावर टकटक आली तर नाकाच्या, म्हणजे पुलीकडच्या टोकाच्या, आतला कपलर (पुलीचा शाफ्ट रोटरशी जोडणारा तुकडा) झिजला आहे. हा भाग स्वस्त आहे, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका. इनलेटमधून टॉर्च मारून रोटर पाहा. त्यांच्यावरचा थर काही ठिकाणी घासलेला असणं ठीक, पण धातूला ओरखडे दिसले तर बेअरिंग गेलं आहे आणि रोटर एकमेकांना किंवा घराला लागले आहेत. असा तुकडा फुकट मिळाला तरी घेऊ नका. रोटरच्या कप्प्यात ओलं तेल दिसलं तर सील गेलं. आणि एक गोष्ट कधीच करू नका: रोटरचे टायमिंग गिअर उपटू नका. ते प्रेस करून बसवलेले असतात. दोन रोटरमधलं अंतर त्यांच्यावरच टिकलेलं असतं, आणि खास जिगशिवाय ते पुन्हा जुळत नाही.

मिनीच्या एम४५ ची एक खासियत तुम्हाला सांभाळावी लागेल. त्याच्या मागच्या टोकाला गिअर आहेत आणि त्यांच्यावर मिनीचा वॉटर पंप चालतो. एमएक्स-५ चा वॉटर पंप अल्टरनेटरच्या बेल्टवर स्वतंत्र चालतो, म्हणून मिनीचा पंप काढून टाका आणि त्या तोंडावर ८ ते १० मिलिमीटर ॲल्युमिनियमची झाकणी, खाचेत ओ-रिंग घालून, लेथवर बनवून घ्या. आतले गिअर तसेच राहू द्या. या सुपरचार्जरमध्ये तेलाचे दोन वेगळे कप्पे आहेत, एक पुलीच्या बाजूला आणि एक मागे. मागचा कप्पा कोरडा पडणं हे मिनीतलं नेहमीचं दुखणं आहे. पुढचंच तेल बदलून मागचं विसरणारे पुष्कळ.

तेल सुपरचार्जरसाठीचं खास सिंथेटिकच घ्या. इंजिन ऑइल या गतीला फेसाळतं. निघालेल्या तेलाचं माप धरून नवं भरू नका, कारण जुनं बहुधा आटलेलं असतं. सुपरचार्जर मिनीमध्ये ज्या कोनात बसतो त्याच कोनात बाकावर पक्का धरा, प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत सिरिंजने भरा, आणि किती मिलिलिटर गेलं ते लिहून ठेवा. पुढे तुमच्या ब्रॅकेटमध्ये तो थोडा कलता बसला तर भोकाची पातळी खोटी ठरते, तेव्हा हे लिहिलेलं मापच खरं. तो फार कलता बसवू नका आणि पुलीचं टोक वर करून तर नाहीच. जास्त भरलेलं तेल सीलमधून रोटरकडे ढकललं जातं.

फिरण्याची दिशा जुळते. बीपी इंजिन समोरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, एम४५ ही पुलीकडून पाहिलं तर त्याच दिशेने, त्यामुळे बेल्टची दातेरी बाजू दोन्ही पुलींवर सरळ चालते. कुणाचं इंजिन उलट फिरणारं असेल, होंडाच्या जुन्या बी आणि डी मालिकेसारखं, तर त्यांना ही जुळणी लागू नाही. ईटनचे पोर्ट एकाच दिशेसाठी घडवलेले आहेत.

जागा एक्झॉस्टच्या बाजूला, वरच्या अंगाला, सोयीची पडते. इनटेकच्या बाजूला अल्टरनेटर आणि मॅनिफोल्ड यांची दाटी आहे. एक्झॉस्टच्या बाजूला पॉवर स्टिअरिंगचा पंप आड येतो. तो हलवावा लागेल किंवा साध्या स्टिअरिंग रॅकवर जावं लागेल. पाइप सोडून नळ्या बुजवलेला पॉवर रॅक हा अर्धवट उपाय आहे, आतला सील आणि व्हॉल्व्ह विरोध करत राहतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची उष्णता अडवायला स्टेनलेसचा पत्रा, आणि पत्रा व सुपरचार्जर यांच्यात किमान १५ मिलिमीटर मोकळी हवा ठेवा.

ब्रॅकेटसाठी १२ मिलिमीटर ॲल्युमिनियम किंवा ८ मिलिमीटर लोखंडी प्लेट. इंजिन ब्लॉक आणि हेड यांवर मिळून किमान तीन ठिकाणी, त्रिकोणात पकडलेली हवी. नुसत्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडवर टांगू नका, ते तापून ढिले होतात. वरच्या आरपीएमला बेल्ट उडतो तेव्हा दोष बहुतेकदा बेल्टला दिला जातो आणि तो ताणत ताणत बेअरिंग मारलं जातं. खरं कारण असं असतं की ब्रॅकेट ओढाखाली एखादा मिलिमीटर झुकतो आणि पुली तिरकी होते. गाडी बंद असताना पट्टी लावून सरळ दिसणारी पुली भाराखाली सरळ असेलच असं नाही. पुलीच्या मागे लांब पाना अडकवून जोरात ओढा आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) पाहा. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलली तर आणखी एक टेकू द्या.

बेल्ट ६ दात्यांचा, म्हणजे लांबीभर सहा उभ्या धारांचा, घ्या आणि तो फक्त सुपरचार्जरसाठी ठेवा. अल्टरनेटर आणि वॉटर पंप मूळ बेल्टवरच राहू द्यात. मग सुपरचार्जरचा बेल्ट तुटला तरी बूस्ट जाईल, पण इंजिन तापणार नाही आणि बायपासमधून (सुपरचार्जरला वळसा घालणाऱ्या वाटेतून) हवा घेत गाडी घरी येईल. सुपरचार्जरच्या पुलीला बेल्टचा वेढा १८० अंश किंवा जास्त हवा. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) ढिल्या बाजूला लावायचा. सुपरचार्जरकडून क्रँककडे ओढला जाणारा बेल्ट म्हणजे ताणाची बाजू, क्रँककडून सुपरचार्जरकडे जाणारा म्हणजे ढिली. ताणाच्या बाजूला स्प्रिंगचा टेन्शनर लावला की गॅस दाबताच तो मागे जातो आणि बेल्ट घसरतो.

क्रँकची जादा पुली मूळ डॅम्परच्या (कंपनं शोषणाऱ्या रबरी पुलीच्या) पुढे, त्याच चार बोल्टांच्या मापाने बसवता येते. ती डायल गेजवर ०.१ मिलिमीटरहून जास्त डगमगता कामा नये. जागा वाचवायला रबराचा डॅम्पर काढून एकसंध ॲल्युमिनियम पुली लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. या इंजिनाचा ऑइल पंप थेट क्रँकच्या नाकावर आहे, आणि डॅम्पर नसताना पोहोचणारी कंपनं त्याचे गिअर फोडतात. पहिल्या काही वर्षांच्या १.६ गाडीवर हे काम करणाऱ्यांनी क्रँकचं नाक आखूड आहे का ते आधी पाहावं. त्यातली चावी आणि खाच सैल होण्याचा दोष जुना आहे, त्यावर आणखी एक बेल्ट ओढायला लावू नये. तुमच्या १.८ ला ही काळजी नाही, आणि मागचा डिफरन्शिअलही १.६ पेक्षा दणकट आहे.

मिनीची पुली शाफ्टवर प्रेस करून बसवलेली असते. पुलर वापरा, हातोडी नको. नवी बसवताना ती ओव्हनमध्ये १५० अंशांपर्यंत तापवून सरकवा, म्हणजे नाकाच्या बेअरिंगवर दाब येत नाही.

आता हवेचा मार्ग. थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची झडप) सुपरचार्जरच्या आधी ठेवावा की नंतर, यावर दोन मतं आहेत. मिनीत तो आधी आहे. एमएक्स-५ वर इंटरकूलरसह काम करताना मी तो मूळ जागी, मॅनिफोल्डवर ठेवण्याच्या बाजूचा आहे. केबल, थ्रॉटलचा सेन्सर आणि आयडलचा व्हॉल्व्ह तिथेच आहेत, आणि थ्रॉटल ते सिलिंडर अंतर कमी राहिल्याने गाडी पायाला लगेच उत्तर देते. अट एकच: बायपास मोठा हवा. थ्रॉटल बंद झाला तरी रोटर हवा ढकलतच राहतात. ती हवा आऊटलेटकडून इनलेटकडे परत जायला ३८ ते ४० मिलिमीटर व्यासाची वाट लागते. व्हॅक्यूमच्या डब्यावर चालणारा मिनीचाच बायपास फ्लॅप यासाठी वापरता येतो. त्याची बारीक नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला जोडायची. इंटरकूलरच्या पाइपला जोडली तर तिथे व्हॅक्यूम कधी तयारच होत नाही. बायपास मिटलेला राहतो, आणि नुसत्या क्रूझिंगलाही हवा तापत राहते.

बूस्ट आल्यावर मॅनिफोल्डला लागलेली प्रत्येक नळी उलटी वाहू शकते, म्हणून एकेक नळी हातात धरून तपासा. पीसीव्हीच्या (क्रँककेसची वाफ इनटेककडे नेणाऱ्या) नळीत पक्का एकदिशी व्हॉल्व्ह घाला, नाहीतर क्रँककेसमध्ये दाब जाऊन सील तेल गाळू लागतील. ब्रेक बूस्टरच्या नळीतला मूळ एकदिशी व्हॉल्व्ह फुंकून पाहा. पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कार्बन कॅनिस्टरच्या नळीतही असा एक व्हॉल्व्ह हवा. आयडल व्हॉल्व्हची हवेची नळी सुपरचार्जरच्या आधीच्या पाइपला राहिली तर बूस्ट तिथूनच निसटतो. ती इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या आधी जोडा. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी मात्र मॅनिफोल्डलाच हवी, म्हणजे बूस्टच्या प्रमाणात पेट्रोलचा दाब वाढेल.

इंधनाचाही हिशेब त्याच आकड्यावरून. १.०९ लिटर दर फेरीला म्हणजे ७००० आरपीएमला सेकंदाला सुमारे १५० ग्रॅम हवा. हवा-पेट्रोल प्रमाण ११.८ ठेवलं तर सेकंदाला १२.७ ग्रॅम पेट्रोल, म्हणजे मिनिटाला साधारण १०२० मिलिलिटर. चार इंजेक्टरमध्ये वाटून प्रत्येकी २५५. इंजेक्टर ८० टक्क्यांवर उघडा ठेवायचा तर ३२० चा हवा. ३५० ते ३७० मिलिलिटरचे, जास्त रोधाचे इंजेक्टर घ्या, म्हणजे वायरिंगमध्ये रेझिस्टर घालावे लागत नाहीत. क्रँकवर सुमारे १८० हॉर्सपॉवरची अपेक्षा ठेवा, मूळच्या १३० च्या जागी.

पंप जुना आहे, मोजून घ्या. बॉनेटखालच्या डायग्नॉस्टिक डब्यात एफ-पी आणि ग्राउंड जोडले की इग्निशन चालू असताना पंप चालतो. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीवर हातपंपाने ०.५ बार दाब देऊन रेलचा दाब ३.५ बारच्या आसपास आणा आणि परतीची नळी मोजपात्रात सोडा. मिनिटाला दीड लिटर आलं पाहिजे. एक लिटरच आलं तर पंप बदला. हे उघड्यावर, बॅटरीच्या ठिणगीपासून लांब आणि अग्निशामक जवळ ठेवून करा.

मूळ ईसीयूला बूस्ट म्हणजे काय हे ठाऊक नाही. बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब भरमसाट वाढवणारा रेग्युलेटर लावून काम भागवण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही. त्याने पेट्रोल कसंबसं जुळतं, पण इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तसंच पुढे राहतं, आणि पिस्टनच्या रिंगांमधला भाग फुटतो तो बहुतेक टायमिंगमुळे. मॅनिफोल्डचा दाब वाचणारा ईसीयू, मेगास्क्वर्टसारखा, आणि हवा-पेट्रोल प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर हे दोन खर्च टाळू नका. पैसे कमी असतील तर इंटरकूलर जुना घ्या, पाइप जुने घ्या, पण इथे हात आखडू नका.

रूट्सचा बूस्ट २५०० आरपीएमपासूनच जवळजवळ पूर्ण येतो, त्यामुळे नॉकिंगचा (मिश्रण आपोआप भडकण्याचा) धोका रेडलाइनला नसून ३००० ते ४५०० मध्ये, वरच्या गिअरमध्ये चढ चढताना असतो. सुरुवात जपून करा: ३००० ला पूर्ण बूस्टवर टायमिंग १४ ते १६ अंश, ६५०० ला २० ते २२. पूर्ण बूस्टवर मिश्रण ११.५ ते १२. इंटरकूलरनंतर हवेच्या तापमानाचा सेन्सर लावा आणि ५० अंशांच्या वर दर १० अंशांना टायमिंग १ ते २ अंशांनी मागे घ्या. ब्रिटनमधल्या पंपावर ९७ ते ९९ ऑक्टेनचं सुपर मिळतं, त्यावरच ट्यून करा आणि पुढेही तेच भरा. प्लग एक पायरी थंड, एनजीके बीकेआर७ई, फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर. मूळची १.१ ची फट बूस्टखाली ठिणगी विझवते आणि माणूस उगाच पेट्रोलचा नकाशा बिघडवत बसतो.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इनटेक बंद करून ०.५ बार हवेने पाइपांची गळती तपासा, साबणाचं पाणी पुरतं. त्यासाठी टायरच्या कॉम्प्रेसरला रेग्युलेटर हवाच. सुरू झाल्यावर आयडलला बायपास पूर्ण उघडा दिसला पाहिजे. सुपरचार्जरचा आवाज आयडलला मोठा आणि थ्रॉटल किंचित उघडल्यावर कमी झाला, तर कपलर पाहा. पाइपवरचे क्लॅम्प पहिल्या तापण्यानंतर पुन्हा आवळा.

कागदपत्रांबद्दल. ब्रिटनमध्ये हा बदल विमा कंपनीने विचारल्यावर खरा सांगणं तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि लपवल्यास अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. फोटो, डायनोचा (ताकद मोजणीचा) कागद आणि भागांची यादी जपून ठेवा. भारतातल्या वाचकांनी हे रस्त्यावरच्या गाडीवर करण्याचा विचारही करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बंदिस्त ट्रॅकसाठीची गाडी ही वेगळी गोष्ट.

पहिल्या ३०० मैलांनंतर बेल्टचा ताण, ब्रॅकेटचे बोल्ट आणि सुपरचार्जरच्या दोन्ही टोकांच्या सीलभोवतीचा ओलावा पाहा. पुलीच्या आसपास काळी रबराची पूड साचली असेल तर नवा बेल्ट आणण्याआधी डायल गेज पुन्हा लावा.